यजमान नसलेली पंगत

बाहेर जेवणे ही आपल्या घरांतून एके काळी अपवादाची, बहुधा प्रवासातली गोष्ट होती. आज ती नित्याची झाली आहे. त्याबरोबर एक लहानसा, पण सोडवू गेल्यास चांगलाच गुंतागुंतीचा प्रश्न आपल्या ताटाशेजारी येऊन बसला आहे. शेजारच्या मेजावरील गृहस्थ सर्वांसाठी ठेवलेल्या चटणीत आपला उष्टा चमचा बुडवतात. दुसरे कोणी बेसिनमध्ये गुटख्याची पिचकारी टाकतात आणि नळही न सोडता निघून जातात. गल्ल्यापाशी बडीशेपेची ताटली असते, तीत चमचाही असतो, तरी ओली बोटेच तीत फिरतात. आपण हे पाहतो. बोलावे की न बोलावे?

पंगतीत हा प्रश्न उद्भवत नसे. तेथे यजमान असे, वाढपी असत आणि एखाद्या दाराआडून सारे काही न्याहाळणाऱ्या आत्याबाई असत. उष्ट्या हाताने वाढून घेऊ नये, वाढण्याची पळी ताटाला टेकवू नये, तांब्याला ओठ लावू नयेत, हे नियम सर्वांना ठाऊक असत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते बोलून दाखवण्याचा अधिकार कोणाचा, हेही ठरलेले असे. उपाहारगृह ही यजमान नसलेली पंगत आहे. मालक हा यजमान नव्हे. तो विक्रेता आहे आणि गिऱ्हाइकाला दुखवणे त्याला परवडत नाही. मेज पुसणारा पोरगा तर बोलूच शकत नाही. उरतो आपण, म्हणजे दुसरा गिऱ्हाईक. आणि आपल्याला हा अधिकार कोणी दिला, असे समोरच्याने विचारले तर उत्तर तयार नसते.

कायद्याकडे पाहावे तर त्याचेही लक्ष स्वयंपाकघराकडेच अधिक. अन्नसुरक्षेचा 2006 चा कायदा आणि त्याखालील 2011 चे नियम धंदा करणाऱ्याला बांधतात; अन्न हाताळणाऱ्याने हात कसे धुवावेत, नखे कशी ठेवावीत, हे सांगतात. खाणाऱ्याच्या हाताविषयी त्यांना फारसे म्हणायचे नाही. 2020 मध्ये साथीच्या काळात सार्वजनिक जागी थुंकणे दंडास पात्र असल्याचे आदेश देशभर निघाले, आणि काही महिने तरी अनोळखी माणूस अनोळखी माणसाला ‘जरा दूर उभे राहा’ असे सांगू लागला. साथ ओसरली, ती मुभाही ओसरली.

पूर्वी हे काम पाट्यांनी केले. इराणी हॉटेलांतल्या पाट्या प्रसिद्धच आहेत. त्यांतल्या हुकमांवरून निसीम इझिकेल यांनी एक इंग्रजी कविताही रचली. पुण्याच्या पाट्यांविषयी तर आपण पुण्याबाहेरच्या मराठी माणसांनी किती हसून घेतले आहे! पण पाटीत एक शहाणपण होते. ती सर्वांना उद्देशून असे, म्हणून कोणाचाच अपमान करत नसे. मात्र ज्याने वाचायचे तोच ती वाचत नाही, आणि तेथे पुन्हा माणसाच्या तोंडची भाषा लागते.

बोलण्याआधी एक निवड मात्र करायला हवी. आपल्याला किळस येते ते सारे अपायकारक नसते, आणि जे अपायकारक ते पुष्कळदा किळसवाणे दिसतच नाही. कोणी मोठ्याने ढेकर देतो, कोणी भुरके मारत ताक पितो, कोणी कोपरापर्यंत ओघळ येईतो वरणभात कालवतो. आपल्या डोळ्यांना ते रुचत नसेल. आजार त्यातून कोणाला होत नाही. उलट नीटनेटका, सुगंधी माणूस शौचालयातून हात न धुता येतो आणि मेजावरचा पाण्याचा जग सहज उचलतो, त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. विषमज्वर, पटकी, एका प्रकारची कावीळ ही दुखणी नेमकी ह्याच वाटेने हातातून तोंडात जातात. ताटातच हात धुण्याची सवय ह्या दोहोंच्या मधली. शेजाऱ्याला तिचा उपद्रव नाही. पण ते हिंदकळणारे ताट दोन्ही हातांनी सावरत नेणाऱ्या पोराला आहे, आणि तो रोगाचा नसून मानाचा आहे. माझ्या लेखी हे कारण कमी वजनाचे नाही.

किळसेवर भरवसा ठेवू नये, ह्याचे दुसरेही एक कारण आहे, आणि ते आपल्या भाषेतच दडलेले आहे. उष्टे, खरकटे, ओवळे, विटाळ: लाळेच्या आणि स्पर्शाच्या एवढ्या बारीक छटा टिपणारी आपली मराठी आरोग्यशास्त्राच्या पुष्कळ आधी स्वच्छतेचे धडे देत होती, असे अभिमानाने सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. पण तोच शब्दसंग्रह ‘काय’ अस्वच्छ आहे ह्यापेक्षा ‘कोण’ अस्वच्छ आहे हे ठरवण्यासाठी वापरला गेला. 1917 साली बाबासाहेब आंबेडकर परदेशी शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू व्हायला ह्याच वडोदऱ्यात आले. ज्या संस्थानाने शिष्यवृत्ती दिली, त्याच्याच राजधानीत त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते उतरले, आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्यांच्या हातांना काय लागले होते? काहीच नाही. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि उपाहारगृहे ह्यांचा नावानिशी उल्लेख करावा लागला, तो उगाच नव्हे. उपाहारगृहात ‘हे स्वच्छ नाही’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्या जुन्या घरांतल्या माणसाने हे स्मरणात ठेवूनच तोंड उघडावे.

म्हणून मी एक कसोटी लावतो. हीच गोष्ट मोटारीतून उतरलेल्या माणसाला मी सांगितली असती का? गेल्या वर्षी एका गजबजलेल्या खानावळीत पाहिलेला प्रसंग सांगतो. बांधकामावरचा एक मजूर पिण्याच्या पाण्याच्या नळावर हात धुऊ लागला. तीन मेजांवरून एकदम आरडाओरडा झाला. तो बिचारा हात तसेच घेऊन बाहेर पडला. पुढे थोड्याच वेळात एका संपन्न दिसणाऱ्या गृहस्थांनी लोणच्याच्या सामाईक बरणीत चार बोटे घालून पसंतीची फोड निवडून काढली. सारे गप्प. पहिल्या प्रसंगात धोका किरकोळ होता, दुसऱ्यात अधिक. शेवटी एक वयस्क बाई उठल्या, पोराकडून स्वच्छ वाटी मागून घेतली, गृहस्थांपुढे ठेवली आणि गुजरातीत म्हणाल्या, “भाई, ह्यात काढून घ्या, म्हणजे पुन्हा पुन्हा उठायला नको.” गृहस्थ लाल झाले आणि पुढे काहीबाही बोललेही. सौम्यपणाने राग टळतोच, असे नाही.

आपले म्हणणे खरे असले की पुरते, असाही एक समज असतो. इग्नाझ झेमेलवाइस ह्या डॉक्टराने 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना क्लोरीनच्या चुन्याच्या द्रावणात हात धुवायला लावले. वसंतात शेकडा 18 च्या घरात गेलेले बाळंतिणींचे मृत्यू उन्हाळ्यापर्यंत शेकडा 2 च्या आसपास आले. एवढा पुरावा हाती असून त्याचे सहव्यवसायी दीर्घकाळ मानायला तयार नव्हते. प्रतिष्ठितांचे हात घातक असतात हेच मुळी त्यांना सहन होईना. तो उत्तरोत्तर कडवट होत गेला, जाहीर पत्रांतून विरोधकांना खुनी म्हणू लागला, आणि 1865 साली वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. त्याची भाषा चुकली, असे म्हणणारे आहेत. असेलही. पण तो गप्प राहिला असता तर किती बाळंतिणी दगावल्या असत्या, हा हिशेबही त्याच पानावर मांडावा लागतो. बोलण्याची किंमत बोलणारा मोजतो. न बोलण्याची किंमत मोजणारे लोक त्या वेळी खोलीतही नसतात. लोणच्याच्या बरणीशी आपल्यानंतर कोण येणार आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?

‘तक्रार मालकाकडे करावी, गिऱ्हाइकाशी कशाला बोला’ असे सुचवणारे सभ्य लोक पुष्कळ आहेत. झाकणाची बरणी, लांब दांड्याचा चमचा, बेसिनपाशी साबण, ह्या गोष्टी मालकाकडेच मागाव्यात, हे खरे. परंतु गिऱ्हाइकाच्या वागण्याची तक्रार गल्ल्यावर केली की काय होते, तेही एकदा थांबून पाहावे. मालक त्या गिऱ्हाइकाला एक शब्द बोलत नाही. तो पोराला हाक मारतो, “लक्ष कुठे असते तुझे?” म्हणून चारचौघांत झापतो, आणि ज्याने बरणीला हात लावलेला नाही त्याला बरणी घासायला पाठवतो. त्यापेक्षा आपणच शेजारच्या मेजाकडे थोडे वाकावे, आवाज वाढवू नये, आणि ‘चमचा तिथे आहे हं’ एवढे म्हणावे. गृहस्थ रागावले तर रागावू द्यावेत. पोरगा त्या वेळी आत, स्वयंपाकघरात असला म्हणजे झाले.