वळचणीखालची मशीद

मशीद म्हटलं की घुमट आणि मिनार डोळ्यांपुढे येतात. कोझिकोडच्या कुट्टिचिरा तळ्याजवळची मिश्काल मशीद या दोन्हींवाचून उभी आहे. एकावर एक उतरती छपरं आणि कोरीव लाकूडकाम असलेली ही इमारत पाहून परगावचा माणूस तिला देऊळच समजेल. नाखुदा मिश्काल या अरब जहाजमालकाने चौदाव्या शतकात ती बांधली. पैसा त्याचा, पण लाकूड आणि हात मलबारचे.

नमाजाला लागतं काय? स्वच्छ जागा आणि काबेची दिशा. घुमटाची सक्ती कुठेच नाही. जिथे लाकूड दुर्मीळ, तिथे विटांनी मोठी जागा झाकायचा तो एक उपाय. मलबारात सागवान मुबलक आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. भिंती वाचवायच्या तर वळचण चांगली पुढे काढावी लागते, हे तिथल्या सुतारांना देवळांची छपरं उभारून पक्कं ठाऊक होतं. मशिदीचं काम आलं तेव्हा त्यांनी तीच विद्या वापरली. यात मला परक्या धर्माने केलेली तडजोड दिसत नाही. तो त्या मातीत घरचा झाला, एवढंच दिसतं.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी ही मशीद जाळली. पुढे १५७१ मध्ये कोझिकोडच्या सामुतिरी राजाने चालियमचा पोर्तुगीज किल्ला जिंकून पाडला. त्याचं लाकूड मशिदीच्या दुरुस्तीला दिलं, असं कोझिकोडात सांगतात.

आपल्या शेजारीही असं उदाहरण आहे. फोंड्याची साफा मशीद १५६० ची, आदिलशाही काळातली. तिच्यावरही उतरतं कौलारू छप्पर आहे आणि शेजारी गोव्यातल्या देवळांसारखीच पायऱ्यांची तळी.

गेल्या काही दशकांत मात्र केरळात जुनी लाकडी छपरं उतरवून सिमेंटचे घुमट चढवण्याची लाट आली. गर्दी वाढली, जागा कमी पडू लागली, ही अडचण खरी आहे. पण जागा वाढवायला घुमट लागत नाही. कोडुंगल्लूरच्या चेरमान मशिदीलाही विसाव्या शतकात घुमट-मिनारांची नवी बांधकामं जोडली होती. अलीकडे ती पाडून जुनं कौलारू रूप परत आणलं आणि वाढत्या गर्दीसाठी जमिनीखाली नमाजाची जागा केली. कोकणातल्या ज्या गावांत जुनी कौलारू मशीद अजून उभी आहे, तिथल्या जमातींनी ती पाडायचा ठराव करण्याआधी एकदा कोडुंगल्लूरला जाऊन यावं.