किल्लेदाराचा अधिकार

शहर राखावयास नेमलेल्या सेनापतीच्या हातीं दोन गोष्टी असतात. एक तट, आणि दुसरी तटाआडचीं माणसें. तटाला मत नसतें. माणसांना असतें, परंतु वेढ्याच्या काळीं तें कोणी विचारीत नाहीं. स्वतः मरावयाचें ठरविण्याचा अधिकार मनुष्याला आहे असें घटकाभर मानूं. इतरांनीं आपल्याबरोबर मरावें हें ठरविण्याचा अधिकार त्याला कोठून येतो?

१८१८ सालचें चांद्याचें उदाहरण घ्यावें. १७ एप्रिल रोजीं कर्नल अ‍ॅडम्सनें बाजीरावाच्या फौजेची दाणादाण उडविली. नागपूरकर आप्पासाहेब भोसले तर त्यापूर्वींच इंग्रजांच्या कैदेंत पडले होते. तेव्हां मे महिन्यांत अ‍ॅडम्स गोंड राजांच्या त्या विस्तीर्ण तटाशीं येऊन ठाकला, त्या वेळीं किल्लेदार गंगासिंगाच्या मदतीस येण्याजोगा कोणीहि धनी उरला नव्हता. तोफांनीं तट फुटला, २० मे रोजीं हल्ला झाला, किल्लेदार कामास आला. त्याच्याबरोबर शेंकडों शिपाईहि.

याच्या शेजारीं स्टालिनग्राड ठेवून पाहा. सप्टेंबर १९४२ मध्यें जनरल चुइकोव्ह ६२ व्या सैन्याचा अधिपति झाला. मागें व्होल्गा, पुढें जर्मन, आणि हुकुमावांचून माघार घेणाऱ्यास कठोर शासन. १९ नोव्हेंबरला सोव्हिएट फौजांनीं बाहेरून उलटा घेरा घालण्यास आरंभ केला, आणि चुइकोव्हचा हट्ट दूरदृष्टि ठरला. गंगासिंगाचा मात्र नुसता हट्ट राहिला. फळावरून असा निवाडा करणें मला पटत नाहीं. खरा भेद निराळाच आहे: चुइकोव्हला रात्रीं नदीपलीकडून माणसें व दारूगोळा मिळत होता, त्याच्या पाठीशीं एक राज्य उभें होतें.

किल्ला किल्लेदाराचा नसतो, म्हणून तो देऊन टाकण्याचा त्याला हक्क नाहीं, असें कोणी म्हणेल. कबूल, परंतु शिपायांचे प्राणहि त्याचे नव्हते. त्याच मुलुखांत वैनगंगेच्या काठीं मार्कंड्याचें देऊळ आहे. काळ येऊन ठेपला असतांहि मार्कंडेयानें पिंडीची मिठी सोडली नाहीं, हें आपण कौतुकानें सांगतों. सांगावेंच, यमाच्या पाशांत मान त्याची एकट्याची होती.

त्या काळच्या युद्धाच्या रिवाजाप्रमाणें, तटास खिंडार पडल्यावरहि किल्ला खालीं करून देणाऱ्यास जीवदानाची आशा असे. हल्ला चढविल्यावर ती फारशी उरत नसे. खिंडार आणि हल्ला यांच्यामधला तो थोडका अवधि, तेवढाच काय तो गंगासिंगाच्या विवेकाला मोकळा होता.