गाठीचा निवाडा

कॉटन ग्रीन स्टेशनाबाहेर पडलं की समोरच कॉटन एक्स्चेंजची इमारत. मुंबईचा कापूस-बाजार कुलाब्याहून हलला तो इथं, शिवडीच्या बाजूला. १९२१ साली स्थापन झालेली कापूस व्यापाऱ्यांची संघटना आज ‘कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया’ या नावानं याच इमारतीतून चालते. १७० किलोची गाठ आणि ३५६ किलोची खंडी ही इथली भाषा.

कापसाची पारख पाहण्यासारखी असते. पारखी गाठीतून पुंजका उपसतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तोडतो, अर्धा दुसऱ्यावर ठेवून पुन्हा ओढतो. चार-पाच वेळा असं झालं की तंतू सरळ होतात. मग गडद कापडावर ठेवून त्यांची लांबी जोखायची. माल ठरल्याप्रमाणे नसेल तर प्रकरण लवादाकडे जातं. या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच: निवाडा देणाऱ्याचा त्या गाठीत दमडीचाही हिस्सा नसतो.

पेढीवर भाऊ-भाऊ भांडले की नेमकी हीच सोय नसते. पंच घरचाच. आई, थोरले काका, नाहीतर ज्याच्या मुलीचं लग्न अजून व्हायचंय असा मामा.

धीरूभाई अंबानी जुलै २००२ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. जून २००५ मध्ये वाटणी जाहीर केली ती कोकिलाबेननी. आईनं मिटवलं म्हणून देशानं सुस्कारा सोडला, पण वायूच्या दरावरून भाऊ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेच. कौटुंबिक करारातला दर होता २.३४ डॉलर, सरकारनं ठरवलेला ४.२०. मे २०१० मध्ये न्यायालयानं सांगितलं की घरातला समझोता कंपनीवर बंधनकारक नाही. लाखो भागधारकांना त्या कागदाचा पत्ताच नव्हता, हे ऐकल्यावर निकालात आश्चर्य उरत नाही.

‘आधी सगळं लिहून ठेवा’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. किर्लोस्करांनी लिहून ठेवलं होतं. लक्ष्मणरावांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. चौथ्या पिढीनं सप्टेंबर २००९ मध्ये कौटुंबिक करार केला. २०१७ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सनं अहमदाबादची पंप बनवणारी कंपनी घेतली, आणि पंपांचाच धंदा असलेल्या किर्लोस्कर ब्रदर्सच्या संजय किर्लोस्करांनी करारभंगाचा आरोप केला. अतुल आणि राहुल या भावांना तो मान्य नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्यस्थीचा मार्ग सुचवला. कंपनीच्या नावातच ‘ब्रदर्स’ असावं, हा योगायोग जरा बोचतो.

किर्लोस्करवाडी आहे त्याच सांगली जिल्ह्यात, तिथून जवळच, भिलवडी आहे. तिथं १९३९ मध्ये चितळ्यांचा दुधाचा धंदा उभा राहिला. नावात इथंही ‘बंधू’. दूध भिलवडीला, मिठाईचं दुकान पुण्याला: एकाच गल्ल्यावर सगळ्यांनी बसायचं नाही, ही वाटणी कामातूनच पडली. मोजमाप करणारा पंच नसेल तर मधलं अंतरच कामाला येतं, असं म्हणायला हरकत नसावी.

लहान पेढ्यांना एवढं अंतर परवडत नाही. तिथं १९३२ चा भागीदारी कायदा गाठतो: करारात वेगळं काही नसेल तर एक भागीदार वारला की भागीदारी संपते, आणि मुदत न ठरवलेली भागीदारी एका भावाच्या लेखी नोटिशीनंही मोडते. वर्षानुवर्षं दुकान चालवणाऱ्या भावांना हे बहुधा वडिलांच्या तेराव्यानंतर, सीएच्या टेबलापाशी कळतं.

मग लग्न झालेल्या बहिणीला फोन जातो: ‘ताई, सहीपुरती ये गं.’ समोर हक्कसोडपत्र तयार असतं. पण मालमत्ता एकत्र कुटुंबाची असेल, तर २००५ च्या दुरुस्तीनं मुलीलाही जन्मानं हक्क मिळाला. वडील तेव्हा हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. ती चष्मा काढते, पहिलं पान उलटते आणि म्हणते, ‘थांब, वाचून तर बघू दे.’ भाऊ घड्याळाकडे पाहतो.