पाहण्याचा हक्क

निरुपद्रवी आनंदालाही काही मर्यादा असते काय? चोरी, लबाडी, व्यसन यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. सुट्टीतल्या सहलीविषयी सहसा कोणी बोलत नाही. पण आम्हां बेळगावकरांपुढे हा प्रश्न दर मे महिन्यात उभा राहतो. चोर्ला घाट उतरला की गोवा, आंबोली उतरली की सावंतवाडी आणि पुढे मालवण. खासबागेतून पहाटे निघालेले कुटुंब दुपारच्या आत समुद्रावर पोहोचते, आणि तेथे हाक येते, ‘डॉल्फिन बघायला चला!’

डॉल्फिनला आपण मासा म्हणतो, पण तो मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. श्वासासाठी त्याला वर यावेच लागते, आणि नेमके तेव्हाच तो आपल्याला दिसतो. आपल्या किनाऱ्यावर बहुधा दिसतो तो मदार असलेला डॉल्फिन. खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात त्याचे घर. गढूळ पाण्यात तो वाट काढतो आणि भक्ष्य शोधतो ते आवाज सोडून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून. यंत्रमागाच्या शेजारी ज्यांचे आयुष्य गेले त्या खासबागकरांस अधिक सांगायला नको. माग चालू असता समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. चार-पाच होड्यांनी इंजिने सुरू ठेवून कळपाला घेरले म्हणजे मायलेकरांचे काय होत असेल?

पुष्कळ ठिकाणी करारच असा असतो की डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत. गिऱ्हाइकाला हा सौदा मोठा प्रामाणिक वाटतो. परंतु डिझेल तर जळालेलेच असते. मग होडीवाला पाठलाग करणार नाही तर काय करील? होडीतून ‘अजून जवळ घ्या’ अशी ओरड होते, आणि दोष मात्र त्याच्या माथी. त्याचे पोट त्यावर आहे, आपले नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिन आणि देवमासे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना तलावात कोंडून खेळ करविण्यास केंद्र सरकारने २०१३ मध्ये मनाई केली, हे उत्तम झाले. पण खुल्या समुद्रात किती जवळ जावे, हे पुष्कळसे होडीतल्या माणसांच्या विवेकावरच राहते. ऑस्ट्रेलियात डॉल्फिनपासून पन्नास आणि देवमाशापासून शंभर मीटर दूर राहावे असा दंडक आहे.

आमच्या मनाला जास्त लागते ती दुसरीच गोष्ट. कोकणातल्या मच्छीमाराचे जाळे डॉल्फिन फाडतो, हाती आलेली मासळी खातो. तक्रार करण्याचा हक्क असेल तर त्याचा. तरीही जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी तो स्वतःचे जाळे कापतो. २०१८ च्या डिसेंबरापासून महाराष्ट्र शासन अशा जाळ्याची पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. पण जाळे कापल्यावर तेवढे दिवस धंदा बुडतोच. तो जाळे सोडतो, आणि आपल्याच्याने एक छायाचित्र सोडवत नाही!

१०४ व्या स्तोत्रात समुद्रावर गलबतेही आहेत आणि लिव्याथानही. दोघांनाही तेथे जागा आहे, आणि तो प्राणी तेथे खेळण्यासाठीच निर्माण केला असे स्तोत्रकर्ता म्हणतो. गलबताने त्याच्या मागे धावावे असे मात्र त्यात कोठे नाही.

मग जाऊच नये काय? आमचे मत तसे नाही. लेकरांनी ते पाहावे. ज्याला कधी पाहिले नाही त्याची काळजी कोण करील? पण भाडे ठरवतानाच होडीवाल्या दादांना सांगता येते की दिसो वा न दिसो, पैसे पूर्ण देऊ. लांबच थांबा, इंजिन बंद करा. तरुणसंघाच्या सहलीची वर्गणी ठरेल तेव्हा हे आधीच बोलून घ्यावे. पोरे कुरकुरतील. अर्धा तास नुसत्या पाण्याकडे पाहत बसणे त्यांना जड जाईल, आणि कदाचित काही दिसणारही नाही.