वगळलेला तेरावा



लंडनला जाण्याचा योग आलाच, तर थेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील ‘लंडन आय’ हा प्रचंड आकाशपाळणा आपण अवश्य पाहाल. त्याची उंची १३५ मीटर असून, त्याला काचेचे ३२ बंदिस्त कक्ष आहेत. प्रत्येक कक्षात २५ माणसे मावतात आणि एका संथ फेरीस सुमारे अर्धा तास लागतो. वर चढण्यापूर्वी मात्र कक्षांवरील क्रमांक लक्षपूर्वक वाचा. कक्ष ३२ आहेत, पण शेवटचा क्रमांक ३३ आहे! बारानंतर एकदम चौदा येतो. पाश्चात्त्य समाजात तेरा हा आकडा अशुभ मानला जातो, म्हणून तो वगळला आहे.

आता विचार करा. ज्यावर चौदा लिहिले आहे, तो कक्ष मोजणीत तेरावाच नव्हे काय? या पाळण्याचे उद्घाटन १९९९ च्या अखेरच्या दिवशी झाले; परंतु एका कक्षाच्या यंत्रणेत दोष आढळल्याने लोकांना मार्च २००० पर्यंत त्यात बसू दिले नाही. माणसांचे रक्षण होते ते अशा दक्षतेने, आकडा पुसल्याने नव्हे. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीच प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे.

परंतु लंडनकरांना हसण्यापूर्वी आपल्या घरात डोकावू या. सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस, म्हणजे ‘तेरा तेजी’, आपल्यातील कित्येक कुटुंबे आजही अशुभ मानतात आणि त्या काळात निकाह टाळतात. वास्तविक शकुन-अपशकुन आणि सफरचे अशुभत्व या दोन्ही कल्पना प्रेषितांनी (स.) स्पष्ट शब्दांत नाकारल्या आहेत. अज्ञानकाळातील अरब शव्वाल महिन्यातील विवाह अशुभ समजत. हजरत आयेशा (रजि.) यांचा विवाह शव्वालमध्येच झाला आणि प्रेषितांना माझ्याहून प्रिय कोण होते, असे त्या अभिमानाने विचारीत.

“तारीख पुढे ढकलली, तर कोणाचे काय बिघडते?” असे आपण म्हणाल. ऐका. एक वृद्ध पिता माझ्याकडे आले होते. त्यांच्या मुलीचा निकाह सफरमध्ये झाला आणि महिन्याभरात जावयाची नोकरी गेली. सासरची मंडळी म्हणू लागली, “हिचा पायगुणच वाईट.” ते मला एवढेच विचारीत होते, “मौलाना, यात माझ्या लेकीचा काय अपराध?”

वाचकहो, आकडा वगळला तर त्याला वेदना होत नाहीत. माणूस वगळला तर होतात. जो दिवसाला अशुभ म्हणतो, तो उद्या त्या दिवशी घरात आलेल्या सुनेलाही अशुभ म्हणतो. लाभ आणि हानी केवळ अल्लाहच्या हाती आहे, ही तौहीदची शिकवण त्या निरपराध मुलीचे संरक्षणही करते.

अशी शंका मनात डोकावणे मानवी आहे. अल्लाहवरील भरवसा ती दूर करतो. तिच्यापायी निर्णय बदलणे आणि कोणाला दोषी ठरविणे, हे मात्र आपण थांबवू शकतो. यंदा सफर महिन्यात कोणाचा निकाह ठरत असेल, तर तो आनंदाने होऊ द्या. आणि कोणा सुनेला असा बोल लावला असेल, तर आजच तिची क्षमा मागा.

अल्लाह आपणा सर्वांना सद्बुद्धी देवो. आमीन.