नाव सांगावे की न सांगावे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधनासाठी शहरात जाण्याची वाट आता आपल्या खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींनाही माहीत होऊ लागली आहे. मुंबईत कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्यात 'आयुका' हे खगोलशास्त्राचे केंद्र अशा ठिकाणी सुट्टीपुरते विद्यार्थी घेतले जातात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात. एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली एक लहानसा प्रश्न घ्यायचा, त्यावर काम करायचे आणि शेवटी अहवाल लिहून द्यायचा, असा हा मामला. थोडे विद्यावेतनही मिळते.

समजा, येरमाळ्याच्या एका मुसलमान घरातली मुलगी अशी निवडली गेली. घरात आनंद होतो, पेढे वाटले जातात. मग अब्बा काळजीने सांगतात, "कामाशी काम ठेव. कुणात जास्त मिसळू नकोस." अम्मी खाण्यापिण्याचे सांगते. आणि आधी शहरात राहून आलेला एखादा मामेभाऊ हळूच म्हणतो, "खोली बघताना पूर्ण नाव लगेच सांगू नकोस." तिघेही तिच्या भल्याचेच सांगतात. पण या तीन सल्ल्यांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि त्याचा विचार आपण मोकळेपणाने केलेला नाही. आपली ओळख लपवणे हे खोटे बोलणे आहे काय? आणि असेल, तर त्याचा दोष कोणाकडे जातो?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. हा प्रश्न येरमाळ्यात उभाच राहत नाही. कळंब तालुक्यातले, बालाघाटच्या डोंगरातले, सोलापूर-धुळे महामार्गावरचे हे गाव येडेश्वरीमुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला लाखोंची गर्दी लोटते आणि भाविक चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात. पण एवढ्या गर्दीतही गावचा माणूस गावच्या माणसाला ओळखून असतो. कोण कोणाचा, कुठल्या गल्लीतला, कोणत्या जातीचा, मशिदीत जाणारा की देवळात, हे विचारावे लागत नाही. आम्ही गावात खरे वागतो, यात आमचे श्रेय थोडेच आहे. खोटे बोलायला तिथे जागाच नसते. माणसाला स्वतःविषयी खरे किंवा खोटे सांगण्याची पहिली संधी शहर देते. म्हणून या बाबतीतल्या खरेपणाची कसोटीही शहरातच लागते.

तिथे तिला पहिला प्रश्न येतो तो खोलीचा. संस्थेचे वसतिगृह मिळाले तर सुटले. नाही तर दारोदार फिरणे आले. मुसलमानांना आपल्या पसंतीच्या वस्तीत घर विकत किंवा भाड्याने मिळणे अवघड जाते, याची नोंद सच्चर समितीने २००६ च्या अहवालात केली आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, हॉटेले, सार्वजनिक विहिरी, रस्ते यांची दारे धर्म वा जातीच्या नावाने बंद करण्यास मनाई केली. पण त्या यादीत खाजगी घर नाही. उलट २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. त्या लहान समाजाची भीती समजण्यासारखी आहे. पण असा नियम मोठ्या समाजाने उचलला की आमच्या मुलीला उभे राहायला जागा उरत नाही.

अशा वेळी तिने वेगळे नाव सांगितले तर? जर्मन तत्त्वज्ञ कांट याचे उत्तर सरळ आहे. १७९७ च्या एका निबंधात तो म्हणतो, की मारेकरी दारात येऊन आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला, तरी खोटे बोलण्याचा हक्क आपल्याला नाही. इमाम गझाली (१०५८-११११) यांनी 'इह्या'मध्ये जिभेच्या दोषांचा विचार करताना दुसरी वाट दाखवली आहे. त्यांचा आशय असा : बोलणे हे साधन आहे. चांगले साध्य खरे बोलून मिळत असेल तर खोटे हराम. पण ते केवळ खोट्यानेच मिळण्यासारखे असेल आणि साध्य स्वतः जायज असेल, तर मुभा आहे. निरपराध माणसाला मारेकऱ्यापासून वाचवण्यासाठी बोललेले खोटे ते गुन्हा मानत नाहीत.

आम्हाला इथे गझालींचे म्हणणे माणसाच्या जवळचे वाटते. रात्रीपुरता निवारा मागणाऱ्या मुलीला जो केवळ नावावरून दार लावतो, त्याने तिच्याकडून सत्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? तिथल्या खोट्याचा मोठा वाटा दार लावणाऱ्याच्या खात्यावर जातो. मात्र फिकहमध्ये एक तत्त्व आहे : गरजेपोटी मिळालेली मुभा गरजेपुरतीच असते. उपासमारीत जे खाण्याची सवलत आहे, ते पोट भरल्यावर चवीने खाण्याची नाही.

आणि खरी अडचण पुढे आहे. खोली मिळते, दिवस सुरू होतात. मेसमध्ये चार मुली शेजारी बसतात. सेमिनारनंतर चहा होतो, रविवारी मरीन ड्राइव्हला जायचे ठरते. कुणी विचारते, "तुझे पूर्ण नाव काय?" कुणी ते कळल्यावर म्हणते, "मुसलमान असून तू इतके छान मराठी कसे बोलतेस?" हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांनी ऐकला असेल, याची मोजदाद नको. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी काही शतकांपूर्वी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला आणि अभंगांत आपले नाव लपवले नाही, हे विचारणारीला माहीत नसते. पण प्रत्येक वेळी तिला दुष्ट समजणे बरोबर नाही. पुष्कळदा तिने आयुष्यात एकही मुसलमान जवळून पाहिलेला नसतो, एवढेच. रोज रोज या प्रश्नाला उत्तर देण्याचा कंटाळा येतो आणि वाटते, सांगितलेले सोपे नावच पुढे चालू ठेवावे. दोन महिन्यांचा तर प्रश्न!

इथे गझालींची मुभा संपते, असे आमचे म्हणणे आहे. कारण त्यांच्या विचारात एक अट गृहीत आहे : साध्य त्या खोट्याने मिळण्यासारखे असले पाहिजे. खोली खोट्या नावाने मिळते. भिंती आणि छप्पर नाव विचारत नाहीत. मैत्री मात्र खोट्या नावाने मिळतच नाही. मैत्रिणीला जी आवडली ती दुसरीच कुणी होती; आपली मुलगी तिला भेटलीच नाही. म्हणजे खोटे बोलूनही हाताला काही लागत नाही.

याचा अर्थ तिने गळ्यात पाटी अडकवून फिरावे असा नाही. न सांगणे आणि फसवणे यांत फरक आहे. जेवणाच्या टेबलावर आपल्या धर्माचा हिशेब देण्याचे कर्ज कोणावरही नसते. नमाज खोलीत पढली, ती कुणाला सांगितली नाही, तर ते खोटे नव्हे. मांसाहाराविषयी कुणी आगाऊ प्रश्न केला तर हसून विषय बदलावा. गप्प राहण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. पण कुणी जवळच्या माणसाने सरळ विचारले, तर सरळ सांगावे, आणि जे व्हायचे ते होऊ द्यावे.

दुसरा सल्ला अब्बांचा : कुणात मिसळू नकोस. त्यामागची भीती आम्ही जाणतो. मुलीच्या बाबतीत ती दुप्पट असते. पण इल्म असा एकटा येत नाही. सालिम अली लहानपणी पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड या इंग्रज साहेबाकडे गेले. त्या अनोळखी माणसाने दाखवलेल्या पक्ष्यांच्या संग्रहातून त्यांची पुढची वाट निघाली. अल् बिरूनी संस्कृत शिकला, पंडितांकडून समजून घेत राहिला, तेव्हा 'किताब-उल-हिंद' लिहू शकला. आणि त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने पहिल्यांदा विचार केला तो कशाचा? ऐकीव आणि पाहिलेल्या गोष्टींचा, आणि माणसे कोणकोणत्या कारणांनी खोटी बातमी देतात याचा. परक्यांची संगत आणि खऱ्याची चाड या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे एकत्र होत्या. आमच्या मते ते सहज घडलेले नाही.

प्रयोगशाळाही हेच शिकवते. प्रयोगाच्या वहीत चुकलेला आकडा पुसायचा नसतो. त्यावर एक रेघ मारायची, तो वाचता आला पाहिजे, आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचा. अपेक्षेत न बसणारे निरीक्षणही नोंदवायचे. सूरह निसामध्ये साक्ष देताना स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या विरोधात गेली तरी ती खरी द्यावी, असा आदेश आहे; वहीतला प्रत्येक आकडा ही तशीच साक्ष असते. दिवसभर वहीशी खरे राहायचे आणि संध्याकाळी माणसांशी खोटे, हे दोन महिने जमेलही. पण माणूस असा दोन कप्प्यांत फार दिवस राहू शकत नाही. एका कप्प्यातली सवय दुसऱ्यात उतरते. ती कुठल्या बाजूने उतरावी, हे तिने ठरवायचे आहे.

पण सगळे ओझे तिच्याच खांद्यावर टाकणे हाही अन्यायच. सत्य हा दोन माणसांमधला व्यवहार आहे. ऐकणाऱ्याने ते ऐकून घेण्याची तयारी ठेवली, तरच सांगणाऱ्याला सांगणे परवडते. शहरातल्या घरमालकांना आम्ही हे सांगतो, तेव्हा तोच प्रश्न आपल्या मोहल्ल्यालाही विचारावा लागेल. उद्या एखादी दलित किंवा हिंदू मुलगी आपल्या गल्लीत खोली मागायला आली, तर आपण तिला आधी काय विचारणार? बिरादरी पाहून सोयरीक करणाऱ्या आणि फिरक्यावरून मशीद वेगळी करणाऱ्या समाजालाही दार उघडे ठेवण्याचा सराव करावा लागतो.

जुलैमध्ये ती येरमाळ्याच्या स्टँडवर उतरेल, तेव्हा आपला पहिला प्रश्न कोणता असावा? कुणाबरोबर राहिलीस, कुणाच्या हातचे खाल्लेस, असे विचारले, तर ती आपल्याशीही अर्धेच बोलायला शिकेल. शहराने शिकवले नसेल ते घर शिकवेल. त्यापेक्षा विचारावे, काय शोधलेस? मैत्रिणी कोण मिळाल्या? आणि त्यांपैकी कुणी यात्रेला किंवा ईदला गावात येणार असेल, तर तिच्यासाठी जागा करावी. मुलीने खरे नाव सांगावे असे आपल्याला वाटत असेल, तर ते ऐकायला आलेल्या माणसासाठी आपले दार उघडे असले पाहिजे.