मग बाहेर कोण?

जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारे स्पर्धेत विदर्भाचा कर्णधार करुण नायर बादच होईना. आठ डाव, ७७९ धावा, सरासरी ३८९.५०. पाठोपाठ नागपुरात रणजीची अंतिम लढत झाली, केरळविरुद्ध त्याने ८६ आणि १३५ काढले आणि विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला. त्या दिवसांत विदर्भातल्या शिरपूरच्या चहाच्या टपऱ्यांवर भारताचा कसोटी संघ रोज ठरत होता आणि त्यात करुणचं नाव पहिलं होतं. ‘आता नाई घेतलं त्याले तं कवा घेतीन?’ असा सवाल होता, आणि सवाल रास्तच होता.

घेतलं. इंग्लंडमध्ये चार कसोटी, आठ डाव, २०५ धावा, एक अर्धशतक. सप्टेंबरात वेस्ट इंडिजविरुद्धचा संघ जाहीर झाला, त्यात करुण नव्हता, त्याच्याऐवजी देवदत्त पडिक्कल होता. टपरीवरचा सूर तोवर पालटला होता. ‘तेहतिसाव्या वर्षी कोनी घेते का बे?’

मत बदललं म्हणून मी कुणाला नावं ठेवणार नाही. धावा आटल्या की मत बदलायलाच हवं. मला खटकतं ते वेगळंच. जानेवारीत ‘घ्या’ म्हणणाऱ्यांपैकी एकानेही ‘अमक्याला काढून घ्या’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. संघ अकरा जणांचा. एकाला आत घेणं म्हणजे दुसऱ्याला बाहेर काढणं, आणि नेमका तो दुसरा आपल्या बोलण्यात कधीच येत नाही. त्यामुळे आपली शिफारस नेहमी दयाळू वाटते. ज्याच्या पोटावर पाय येतो, त्याचा चेहरा आपल्यासमोर नसतो.

इंग्लंड दौऱ्याच्या संघात सरफराज खान नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूला न्यूझीलंडने भारताला ४६ धावांत गुंडाळलं, त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात १५० काढणारा हाच सरफराज. करुणला घेतल्याचा आनंद विदर्भात झाला, सरफराजचं दुःख मुंबईत झालं. दोन्ही ठिकाणी माणसं अर्ध्याच गोष्टीवर बोलत होती.

आणखी मागे जाऊ. डिसेंबर २०१६, चेन्नई. अजिंक्य रहाणे बोटाच्या दुखापतीने बाहेर होता, करुण खेळला आणि नाबाद ३०३ करून आला. पुढची कसोटी फेब्रुवारीत हैदराबादला होती. रहाणे बरा झाला होता, म्हणून त्रिशतक करणारा करुण बाहेर बसला. एका डावाने रहाणेची दोन वर्षांची मेहनत पुसली जात नाही, अशी विराट कोहलीची भूमिका होती. तेव्हा आपण मराठी माणसांनी काय केलं? रहाणे आपला, त्यामुळे माना डोलावल्या. न्याय झाला म्हणालो. त्या न्यायात बाहेर बसलेला पोरगा पुढे सहा वर्षांनी विदर्भाकडून खेळायला लागला, धावांचा डोंगर रचू लागला, तेव्हा तो ‘आपला करुण’ झाला आणि त्याच्यावर पूर्वी झालेल्या अन्यायाची आठवण आपल्यालाच सर्वांत आधी झाली.

खुद्द विदर्भातही हिशेब सुटत नाही. करुण २०२३ मध्ये कर्नाटकातून आला तो पाहुणा खेळाडू म्हणून. पाहुण्याला पाट मांडला की घरातला एक उठतो. पाहुणे आणण्यात चूक आहे असं मी म्हणत नाही. वसीम जाफर आला, त्याच काळात विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला. ड्रेसिंग रूममध्ये अशा माणसाचं असणं पोरांना किती शिकवतं ते अकोल्या-नागपूरची पोरंच सांगतील. पण २०२४-२५च्या रणजीत सर्वाधिक धावा करुणच्या नव्हत्या. त्या यश राठोडच्या होत्या, ९६०. मुंबईविरुद्ध उपांत्य सामन्यात त्याने १५१ काढले होते. नागपूरचा पोरगा. त्याच्यासाठी टपरीवर कुणी आवाज चढवला नाही, कारण त्याला आधी कुणी छळलेलं नव्हतं. अन्यायाची गोष्ट असली की खेळाडू लवकर लोकप्रिय होतो, नुसत्या धावांनी तेवढा होत नाही.

जागा एक आणि हक्कदार दोन, हे शिरपूरला कुणी समजावून सांगायला नको. तिथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीपुढे जैनांच्या दोन पंथांनी १९०५ मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. तरी वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत, आणि गाभाऱ्याला चार दशकं कुलूप राहिलं. ते २०२३ मध्ये निघालं. दोन्ही पंथ अनेकांत, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हे तत्त्व, मानणारे, हे विशेष. त्या वादात बोलण्याची माझी पात्रता नाही. पण समोरच्याचाही हक्क आहे हे गावाला तिथे दिसत असतं, क्रिकेटमध्ये मात्र दिसत नाही, एवढं नोंदवतो.

‘काढा’ म्हणणारेही असेच अर्धवट बोलतात. अजित वाडेकरांना १९७१ मध्ये कर्णधारपद मिळालं ते पतौडींना बाजूला सारून, निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने. त्याच वर्षी त्यांनी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्ही ठिकाणी मालिका जिंकल्या. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत बाद झाला आणि दौरा ३-० असा गेला, तेव्हा त्याच वाडेकरांच्या घरावर दगड पडले. वाडेकर पायउतार झाले. पुढच्या मोसमात कर्णधार म्हणून कोणाला आणलं? पतौडींना. दगड मारणाऱ्यांच्या डोक्यात पतौडी होते का, कुणास ठाऊक. बहुधा कुणीच नव्हतं.

करुणला घेणाऱ्या आणि वगळणाऱ्या निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांच्यावर टीका करावी, जरूर करावी, ती सोसणं त्या खुर्चीचं कामच आहे. फक्त एक लक्षात घ्यावं की त्यांना दोन्ही नावं कागदावर लिहावी लागतात आणि बाहेर ठेवलेल्याबद्दल पत्रकारांना उत्तरही द्यावं लागतं. आपण चहाचे पैसे देतो आणि निघतो.

करुणच्या त्या दौऱ्यातली एक गोष्ट आकडेवारीत सापडणार नाही. ओव्हलच्या कसोटीत त्याने मारलेल्या चेंडूमागे धावताना इंग्लंडचा ख्रिस वोक्स सीमारेषेजवळ पडला, त्याचा खांदा निखळला. तीन धावा झाल्या होत्या, चौथी सहज मिळाली असती. वोक्स उठत नाही हे पाहून करुणने वॉशिंग्टन सुंदरला थांबवलं. ती कसोटी भारताने अवघ्या सहा धावांनी जिंकली. म्हणजे एकेक धाव किती महाग होती ते बघा. स्वतःची जागा टांगणीला लागलेली असताना ज्याला समोरचा पडलेला माणूस दिसला, त्याच्याबद्दल बोलताना आपल्यालाही एवढं दिसायला हरकत नसावी.

माझं मत विचाराल तर यश राठोडला कसोटी संघात संधी मिळावी. मग बाहेर कोण? साई सुदर्शन, असं मी म्हणतो. तो वर खेळतो आणि यश मधल्या फळीत, त्यामुळे फळी थोडी हलवावी लागेल, हे मान्य. सुदर्शन विशीतला पोरगा आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने ८७ काढलेत, त्याच्या घरीही कुणीतरी टीव्हीसमोर बसलेलं असेल. हे सगळं ठाऊक असून त्याचं नाव घेतो आहे. चेन्नईच्या एखाद्या वाचकाला राग आला तर तो रास्त आहे.